अध्यक्षांच्या मागची खुर्ची

त्या वर्षी माझी मुलगी मला फक्त संसदेच्या कॅमेऱ्यात दिसायची. संसद आमच्या सिंगापूरची नव्हे. दक्षिणेकडच्या ज्या देशात ती शिकायला गेली आणि तिथलीच होऊन बसली, तिथली. ती एका संसदीय समितीच्या कार्यालयात नोकरीला आहे. दुसऱ्या देशांना दिलेल्या मदतीचं आणि संरक्षणाच्या करारांचं पुढे नेमकं काय झालं, हे सरकारला खडसावून विचारणं हे त्या समितीचं काम. विचारतात खासदार, पण प्रश्न तयार करून त्यांच्या पुढ्यात ठेवायचे ते माझ्या मुलीसारख्यांनी. सुनावणी चालू असताना ती अध्यक्षांच्या मागे डावीकडच्या खुर्चीत बसते. कॅमेरा अध्यक्षांवर असल्यामुळे तिचा अर्धा चेहरा आणि एक खांदा तेवढा दिसतो. अध्यक्ष पुढे वाकले की पूर्ण चेहरा दिसायचा. ते फार क्वचित वाकायचे, आणि त्याबद्दल मी त्यांच्यावर मनापासून चिडायचे.

हे असं का झालं ते सांगते. मी स्वतः मदतीच्या प्रकल्पांची तपासणी करते. आधी बरीच वर्षं बँकेत नियमपालन बघितलं, म्हणजे लोकांनी नियम पाळले की नाही हे बघून त्यांच्या शिव्या खाल्ल्या. नंतर एका छोट्या फर्ममध्ये आले. एखाद्या श्रीमंत देशाने कुठल्या बेटावर शाळा बांधली, दवाखाना दिला, बोटी दिल्या, की आम्ही जाऊन बघायचं, ती वस्तू आहे का, चालते का, कोण वापरतं. मग अहवाल लिहायचा. काम चांगलं आहे. लोक आदराने बसवतात आणि मनातून लवकर जा म्हणतात.

अशाच एका बेटसमूहावर त्या देशाने मच्छीमारांच्या गावांना रेडिओ दिले होते. सागरी सुरक्षा या सदराखाली. समुद्रात परकी, संशयास्पद बोट दिसली की रेडिओवरून बंदरावर कळवायचं, अशी कल्पना. मी जाऊन आले, अहवाल दिला आणि विसरले. पुढे त्या देशाच्या संसदेने चौकशी लावली, की संरक्षणाच्या नावावर दिलेली ही मदत चालू ठेवायची की बंद करायची. चौकशी नेमकी माझ्या मुलीच्या समितीकडे आली आणि साक्षीदारांमध्ये माझं नाव निघालं.

मुलीने त्याच दिवशी वरिष्ठांना सांगितलं की साक्षीदार माझी आई आहे. त्यांनी तिला त्या एका चौकशीतून बाजूला केलं आणि विषयावर बोलू नका म्हणून सांगितलं. एवढंच सांगितलं होतं. पण रविवारी तिचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "आई, रिपोर्ट सभागृहात मांडला जाईपर्यंत आपण बोलायलाच नको. इट्स क्लीनर."

"अगं, विषयावर बोलू नका म्हणालेत ना? मग आपण नाही बोलणार विषयावर."

"कोणी विचारलं तर काय सांगणार? की दर रविवारी तासभर बोललो पण त्यावर नाही बोललो? हू विल बिलीव्ह, लाह?" वाक्याच्या शेवटी येणारं सिंगापूरचं ते "लाह" तिकडे जाऊनही तिच्या तोंडून सुटलं नव्हतं.

हे तिला शिकवलं कोणी? ती लहान असताना एका दिवाळीला बँकेच्या एका ग्राहकाने घरी सुक्यामेव्याचा डबा पाठवला होता. मी घरी येईपर्यंत लेकीने तो उघडून काजू खायला सुरुवात केली होती. दुसऱ्या दिवशी मी तो डबा परत पाठवला, आणि सोबत चिठ्ठी लिहिली की मुलीने थोडे काजू खाल्ले आहेत, तेवढे नवीन आणून भरले आहेत. नवरा तेव्हा हयात होता. तो म्हणाला, "तुझ्याशी लग्न करताना मी टेंडर भरलं होतं का गं?" आम्ही खूप हसलो. मुलगी हसली नव्हती. ती ऐकत होती, आणि असं दिसतं की तिने सगळं मनावर घेतलं.

तर मी म्हटलं, "बरं. तुला पटतं तसं."

फोन ठेवल्यावर वाटलं, दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू. आपल्या पोरीला कणा आहे, असं स्वतःशी म्हणत मी चहा केला. संसदेची कामं कशी चालतात हे मला इतक्या वर्षांच्या अनुभवाने माहीत असायला हवं होतं. महिने गेले. समितीने आणखी लेखी म्हणणी मागवली, मग मुदत वाढवली, मग पुन्हा वाढवली.

नवरा गेल्यापासून पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच असते. एकटेपणाची सवय आहे असं मी सगळ्यांना सांगायचे आणि ते मला खरंही वाटायचं. पण मला एकटं राहायची सवय होती ती रविवारच्या फोनच्या भरवशावर, हे फोन बंद झाल्यावर कळलं. आमच्या बोलण्यात विशेष काही नसायचं. तिने काय शिजवलं, कोण किती मूर्ख आहे, बसमध्ये कोण काय म्हणालं. मी आठवडाभर मूर्ख माणसं जमवून ठेवायचे तिला सांगायला. आता माणसं भेटत होती, मूर्खपणाही भरपूर करत होती, आणि तो सगळा माझ्याकडे नुसता साठून राहत होता.

मग मला त्या संसदेचं थेट प्रक्षेपण सापडलं. मुलगी माझ्या चौकशीतून बाहेर होती, पण समितीच्या बाकीच्या कामांत तिची खुर्ची तीच होती. तिथलं घड्याळ आमच्यापेक्षा थोडंसंच पुढे असल्यामुळे सुनावण्या माझ्या ऑफिसच्या वाटेवरच सुरू व्हायच्या. मी एमआरटीमध्ये, म्हणजे आमच्या मेट्रोत, कानात इयरफोन घालून बसायचे. दूतावासांच्या पहारेकऱ्यांचे करार, लसींच्या साठ्याची मदत, परदेशी नौदलांना दिलेलं प्रशिक्षण, सगळं मी पाहिलं. उत्तर टाळणारा अधिकारी आधी चष्मा पुसतो आणि मग म्हणतो, "हा प्रश्न मी लेखी उत्तरासाठी घेतो." परराष्ट्र धोरणावर माझ्याशी बोलायची कोणाचीही प्राज्ञा नव्हती. कोणी बोलतही नव्हतं म्हणा.

तिने केस कापले ते मला तिथेच कळलं. चष्मा बदलला तेही. मग एका सुनावणीत ती खोकली. पुढच्यातही खोकली. त्याच्या पुढच्यात इतकी खोकली की अध्यक्षांनी स्वतःसमोरचा पाण्याचा ग्लास मागे सरकवला. ते तेव्हा पुढे वाकले होते, त्यामुळे तिचा पूर्ण चेहरा दिसला, उतरलेला. मी गाडीत उभी होते. पूर्ण देशाला दिसत होतं की हिला खोकला झालाय, आणि हिच्या आईला विचारायची सोय नाही. त्या दिवशी मी माझं स्टेशन चुकले.

मरीन परेडला माझी एक मैत्रीण राहते, मुंबईची, बँकेतल्या दिवसांपासूनची. खासगी सोसायटीतला कॉन्डो आहे, नातवंडं आहेत, आवाज आहे. तिच्याकडे गणपतीला गेले तेव्हा तिने विचारलं, "काय म्हणतेय लेक?"

मी सांगितलं. तिने हातातलं ताट खाली ठेवलं.

"वेड लागलंय का तुम्हां मायलेकींना? पोटच्या पोरीशी बोलू नको असं कुठली संसद सांगते?"

"संसद नाही सांगत. आम्हीच ठरवलंय."

"मग तर दोघींना धरून फटके द्यायला हवेत. अगं, खोकला झाला म्हणून विचारलंस तर काय मदतीचा निकाल बदलणार आहे?"

मी तिला हितसंबंध कशाला म्हणतात ते समजावू लागले. तिने माझ्या तोंडात मोदक कोंबला. तिची नातवंडं आजूबाजूला इंग्रजीत भांडत होती आणि ती त्यांना मराठीत रागावत होती. मला तिथे बसवेना. आरती झाल्याबरोबर डोकं दुखतंय सांगून निघाले.

सर्वांत वाईट रविवारची दुपार. फोनची वेळ आली की घरात थांबवत नसे. म्हणून मी पुलाउ उबीन बेटावर जाऊ लागले. धक्क्यावरून छोटी बोट सुटते, पण माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. मी एकटीच असायचे. बोटवाले काका म्हणायचे, "आंटी, वेट फॉर सम मोअर, लाह." मग मी बाकावर बसून अनोळखी लोकांची वाट बघायचे. सायकलवाल्यांचा घोळका आला की त्यांच्यात मिसळून पलीकडे. तिथे सगळे जोडीने, गटाने. एकदा एका जोडप्याने फोटो काढून द्याल का म्हणून विचारलं. मी काढला. त्या मुलीने आपणहून विचारलं, "तुमचा काढू का?" मी नको म्हटलं. कोणाला पाठवणार होते?

अखेर माझी साक्ष ठरली. व्हिडिओवरून, सकाळी, आमच्या ऑफिसच्या मीटिंग रूममधून. मी ठेवणीतली साडी नेसले. साक्षीला साडी कशाला, असं आमच्या मॅनेजरच्या चेहऱ्यावर दिसलं. पडद्यावर समिती आली. अध्यक्ष तेच. मागच्या खुर्चीत एक तरुण दाढीवाला बसला होता. ती नसणार हे मला ठाऊकच होतं, तरी माझी नजर तिथेच गेली.

अध्यक्षांनी सुरुवातीला नियमाप्रमाणे विचारलं, "आपल्याला काही हितसंबंध जाहीर करायचे आहेत का?"

"माझी मुलगी आपल्या कार्यालयात काम करते," मी म्हटलं. "तिने ते आधीच कळवलेलं आहे. चौकशी सुरू झाल्यापासून आम्ही दोघी एकमेकींशी बोललेलो नाही."

"या चौकशीबद्दल, असं म्हणायचंय ना?"

"नाही. कशाबद्दलच नाही."

एका खासदारबाईंनी मान वर केली. अध्यक्ष म्हणाले, "समितीची तशी अपेक्षा नव्हती, मॅडम." मी "कल्पना आहे" म्हटलं. दाढीवाल्याने काहीतरी लिहून घेतलं.

मग प्रश्न सुरू झाले. एक ज्येष्ठ खासदार होते, मी त्यांना पडद्यावर अनेकदा पाहिलं होतं. गृहस्थ हुशार, पण स्वतःच्या आवाजावर फार प्रेम. त्यांनी माझा अहवाल उचलला.

"आपण लिहिलंय की रेडिओचा सर्वाधिक वापर घरगुती बोलण्यासाठी होतो. म्हणजे आमच्या देशाने सागरी सुरक्षेसाठी दिलेल्या यंत्रांवर हे लोक नवऱ्याला विचारतात, रात्रीच्या जेवणाला काय करू?"

दोघं-तिघं हसले.

"हो, विचारतात," मी म्हटलं. "कधी परतणार, मासळी किती, धाकट्याचा ताप उतरला का. रोज संध्याकाळी."

"मग याला गैरवापर का म्हणू नये?"

मी उत्तर तयार करून गेले होते. आकडे, तक्ते, सगळं समोर होतं. पण तक्त्यांकडे मी बघितलंच नाही.

"त्याच बेटांवर अशी गावं आहेत जिथे सरपंचाने रेडिओ कपाटात कुलपात ठेवलाय," मी म्हटलं. "फक्त सुरक्षेच्या कामासाठी. अगदी नियमाप्रमाणे. मी त्यांना लावून दाखवा म्हटलं. एकही लागला नाही. कुठे बॅटरी मेलेली, कुठे कोणाला बटण माहीत नाही. जिथे बायका रोज नवऱ्याशी बोलतात तिथला रेडिओ चालू आहे. परकी बोट दिसली तर तिथूनच तुम्हाला कळेल. रोज काही कारण नसताना जे बोलतात, तेच वेळ आली की बोलू शकतात. तुमची सुरक्षा त्या जेवणाच्या गप्पांवर उभी आहे, साहेब. त्या गप्पा बंद करायच्या असतील तर अवश्य करा."

शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज चढला होता. ज्येष्ठ खासदारांनी चष्मा काढला. खासदार आणि अधिकारी यांच्यात शेवटी काही फरक नसतो. अध्यक्षांनी आभार मानले आणि पडदा काळा झाला. मॅनेजर म्हणाला, "व्हेरी स्ट्राँग." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. रेडिओसाठी नव्हे, हे मला तिथेच कळलं होतं.

या साक्षींची शब्दशः नोंद होते आणि समितीच्या कार्यालयातल्या सगळ्यांच्या हातात ती जाते. म्हणजे तिनेही वाचली असणार. आईने भर समितीत आपण बोलत नाही म्हणून सांगितलं, हे वाचून तरी ती फोन करील, असं वाटत होतं. नुसता एक निरोप तरी. त्या आठवड्यात फोन आंघोळीलाही सोबत नेला. काही आलं नाही. मग राग आला. आणि राग कोणावर काढायचा तेही कळेना, कारण ती जे करत होती ते शब्दन्‌शब्द बरोबर होतं. बरोबर असलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ही फार मोठी अडचण आहे.

समितीचा अहवाल आला की सगळं संपेल, एवढ्या एका गोष्टीवर मी दिवस काढत होते. ऑफिसला पोचल्यावर आधी समितीचं पान उघडून बघायचे. रेडिओ चालू राहावेत असं मला वाटत होतंच. पण खरं सांगायचं तर अहवालात हो असो की नाही, तो नुसता सभागृहात मांडला गेला असता तरी मला पुरलं असतं.

आणि त्या देशात निवडणूक जाहीर झाली.

निवडणुका होतात, त्यात काय, असं मला आधी वाटलं. प्रचाराच्या दिवसांत अहवाल काही येत नाही, म्हणून रोज पान बघणं तेवढं थांबवलं. मग एका दुपारी सहज उघडलं तर माझ्या चौकशीच्या मथळ्याखाली एक छोटी सूचना होती. संसद विसर्जित झाली आहे, तिच्याबरोबर समिती संपली आहे, सबब ही चौकशी बारगळली आहे. नवी समिती बसेल, तिला वाटलं तर ती विषय पुन्हा घेईल, नाहीतर नाही. अहवाल नाही. चालू ठेवा नाही, बंद करा नाही. एवढ्या लोकांच्या साक्षी, एवढी कागदं, आणि बेटावरच्या माणसांचं घोंगडं भिजत ते भिजतच. मी चिडून मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "होता है." त्याला रात्री सिनेमाला जायचं होतं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहवाल मांडला जाईपर्यंत बोलायचं नाही असं ठरलं होतं. आता अहवाल कधीच मांडला जाणार नव्हता. पण चौकशीच राहिली नाही तर साक्षीदार कुठला? समितीच नाही तर हितसंबंध कशात? मी आता नुसती आई होते. बॅग उचलली आणि ऑफिसातून लवकर निघाले. घरी जाईपर्यंत धीर निघेना, म्हणून पासिर रिसच्या समुद्रावर एका बाकावर बसले आणि तिथूनच फोन लावला. त्याआधी केस सारखे केले. या वयात, स्वतःच्या मुलीला फोन लावताना.

तिने लगेच उचलला.

"आई? काय झालं? इज एव्हरीथिंग ओके?"

"काही नाही झालं गं. सगळं ठीक आहे. तुला कळलं का? चौकशी बारगळली. सूचना आलीय पानावर."

"हो," ती म्हणाली. "सगळ्याच बारगळलेल्या चौकशांच्या सूचना मीच टाकल्या. मंडेला."

त्या दिवशी गुरुवार होता.

समोर काही लोक कोळशावर मासे भाजत होते, धूर माझ्याकडे येत होता. सोमवारी हिने स्वतःच्या हाताने ती सूचना लिहिली. सोमवारपासून हिला मोकळीक होती. मला विचारायचं होतं, मग फोन का नाही केलास? पण मी विचारलं नाही, कारण तिने खरं उत्तर दिलं असतं.

"खोकला गेला का तुझा?" मी विचारलं.

"खोकला? ओह. तो कधीच गेला, आई. तुला कसं कळलं?"

"कळलं."

ती थांबली. मीही थांबले. पूर्वी आमच्यात अशी जागा कधी राहायचीच नाही, एकीचं संपायच्या आत दुसरीचं सुरू व्हायचं. माझ्याकडे किती साठलं होतं सांगायला! एकही गोष्ट आठवेना. तिकडे कोणीतरी दार उघडलं, ती त्यांना हलक्या आवाजात "वन मिनिट" म्हणाली. मग मला म्हणाली, अगदी मायेने, ऑफिसात कोणालाही म्हणावं तसं,

"काही काम होतं का, आई?"

"नाही," मी म्हटलं. "काम काही नाही."

"मग?"

"मग काही नाही. पण फोन ठेवू नकोस."

तिने ठेवला नाही.